'कळलं कधी' हा रकाना

पुण्यात चौदा वर्षं डेटाबेसच्या कामात काढून बेळगावला परतलो, तेव्हा डेटा मॉडेलिंगमध्ये (कुठली माहिती कुठल्या टेबलात कशी ठेवायची ते ठरवण्यात) आता शिकण्यासारखं फार उरलेलं नाही असं मला वाटत होतं. मग सीमाभागातल्या एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदीचं काम आलं.

पहिली ठेच एकरांची. जुन्या टेबलात क्षेत्र दशांशात होतं: 1.25. मी सव्वा एकर धरून चाललो. गट ऑफिसातला चिटबॉय (ऊसनोंदीसाठी शेतावर फिरणारा कारखान्याचा माणूस) हसला, "सव्वा न्हवं ओ, एक एकर पंचवीस गुंठे." चाळीस गुंठ्यांचा एकर. तसे दोन तुकडे जुनं सॉफ्टवेअर 2.50 म्हणून दाखवत होतं. खरे ते 3 एकर 10 गुंठे. उताऱ्यावर गुंठ्याखाली आणेही असतात, सोळा आण्यांचा गुंठा. शेवटी क्षेत्र आण्यांतच, पूर्णांकात ठेवलं. एकर-गुंठे फक्त दाखवायला.

गावांचं सोपं होतं. बेळगावचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावी झालं, निपाणी चिकोडीतून आणि कागवाड अथणीतून निघून वेगळे तालुके झाले. जुनी ओळ बंद करायची, नवी उघडायची. डेटाबेसवाले याला टाइप टू म्हणतात, झोपेतही जमेल. (पावतीवर कुठलं नाव छापायचं यावर मी मत दिलं नाही. आमच्याकडं तो प्रश्न डेटाबेसचा नाही.)

अडकलो ते वाटणीवर. शेतकरी वारला, डिसेंबरात दोन भावांची वाटणी झाली, जानेवारीत ऊस तुटला, बिल वडिलांच्या खात्यावर निघालं आणि वाटणीचा कागद आला मार्चमध्ये. ओळीवर डिसेंबरची तारीख टाकली की जानेवारीचं बिल भावांचं दिसायचं आणि ऑडिटच्या छापील बिलाशी जुळायचं नाही. मार्चची टाकली की बिल जुळायचं, पण भाऊ भांडायला यायचे. मी आठवडाभर टेबलं मोडत-जोडत बसलो.

शेती विभागातल्या अण्णांनी त्यांची वही पुढं सरकवली. "तुमच्या मशिनात एकच तारीख का ओ? वाटणी झाली कधी ते इथं. आणि आमाला कळलं कधी, ते समासात, लाल शाईनं."

बायटेम्पोरल, म्हणजे दोन काळांचं, मॉडेल मी वाचलं होतं, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेच्या 2011 च्या प्रमाणातही दोन्ही काळांची सोय आहे. पण प्रत्यक्षात कधी बांधलं नव्हतं. आता प्रत्येक हिश्शाला दोन कालखंड दिले: शेतात खरं कधीपासून कधीपर्यंत, आणि आमच्या नोंदीत कधीपासून कधीपर्यंत. पहिल्या खेपेला शेवटची तारीख कालखंडात धरली आणि नेमकी सीमेवरच्या दिवसाची एक ट्रॉली दोन ओळींना लागून दोनदा बिलात आली. तेव्हापासून सुरुवातीची तारीख आत, शेवटची बाहेर. त्याच जमिनीवर त्याच माणसाचे दोन्ही कालखंड एकदम आच्छादले तर पोस्टग्रेस या डेटाबेसचं एक्सक्लूजन बंधन (एकमेकींवर चढणाऱ्या ओळी नाकारणारा नियम) ती ओळ घेतच नाही. हिश्शांची बेरीज पूर्ण होते का, हे मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेल्या बदलांचा गठ्ठा) संपताना आपोआप चालणारा तपास, म्हणजे ट्रिगर, लिहावा लागला.

मग हुरूप आला आणि मी सगळंच बायटेम्पोरल केलं. मूर्खपणा. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, 2023-24 ला क्विंटलला 315, 2024-25 ला 340 रुपये. दर हंगामाआधीच जाहीर होतो, तिथं एक कालखंड पुरतो. उगाच प्रत्येक जॉइनला, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडताना, दुप्पट अटी लागत होत्या. काढून टाकलं. हिस्सा आणि बँक खातं एवढंच ठेवलं.

चाचणीच्या दिवशी जानेवारीचं बिल दोनदा काढलं. "फेब्रुवारीत आपल्याला जे माहीत होतं त्यावरून" विचारलं, तर वडील. "आज जे माहीत आहे त्यावरून", तर दोघे भाऊ. फरक दुरुस्ती बिलात. अण्णा वहीशी एकेक ओळ ताडून बघत होते. एका ठिकाणी जुळेना. तासभर शोधलं, चूक वहीत होती. अण्णांनी ती खोडली नाही. शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि समासात लाल शाईनं आजची तारीख टाकली.