कपाटाची किल्ली

नागपूर, रविवार, रात्री नऊ

गर्द सोडून आज मला 214 दिवस झाले. हा आकडा खरा आहे, म्हणून तो लिहिताना जड जात नाही. याआधी 'महिना झाला, आई' असे मी किमान चार वेळा सांगितले होते आणि चारही वेळा पुडी खिशात होती.

व्यसनात असताना आपण फक्त पैशांसाठी खोटे बोललो, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालत होतो. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन. शेवटच्या झुरक्यानंतर आठ-दहा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, सुरू होते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे ठणकतात, पोटात मुरडा येतो, आणि त्या भीतीपोटी माणूस काहीही बोलतो. पण सीताबर्डीवर उभा असताना मी फोनवर सदरला आहे असे का सांगत होतो, जेवून आल्यावरही उपाशी आहे असे का म्हणत होतो, याचे उत्तर टर्कीत सापडत नाही. खोट्याची सवय वेगळीच जडली होती, आणि अंगातले विष उतरल्यावरही ती उतरली नाही. सर्वांत घातक खोटे मी स्वतःशी बोललो: दोन महिने बंद ठेवल्यावर 'एकदाच, पूर्वीइतकीच घेऊ.' मधल्या काळात शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि जुनीच मात्रा श्वास थांबवू शकते. त्या रात्री मी वाचलो, त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

1953 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी पायरी, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची यादी करायला सांगते. नववी त्यांची भरपाई करायला सांगते, मात्र त्यातून कोणाला नवी इजा होणार नसेल तरच. माझ्या यादीत पहिले नाव आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे होते. सहा वर्षांपूर्वी मी कपाटातून आईच्या भिशीचे चार हजार रुपये काढले. संशय मावशींवर गेला, तेव्हा जेवता जेवता मी म्हणालो, "त्यांच्याकडे पाहून असं वाटत नव्हतं." चोरीपेक्षा ते वाक्य मला अधिक छळते.

आज दुपारी मानेवाड्याला त्यांच्या घरी गेलो. पैसे आईचे होते. मावशींचे जे गेले ते पाकिटात घालून नेण्यासारखे नव्हते, म्हणून रिकाम्या हातानेच गेलो. त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी सांगू लागलो तसे सूप हळू झाले, मग थांबले.

"तुह्या आईनं मले एक शब्द म्हटला नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवशी कपाटाले कुलूप दिसलं. मले समजलं. मीच काम सोडलं."

मी मान खाली घालून उभा होतो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आईले सांगितलं का?"

'हो' जिभेवर आलेच होते. 214 दिवसांनंतरही ते इतक्या सहज आले की मी हादरलो. "नाही," मी म्हणालो.

"मंग आधी माह्याकडं कायले आला?" एवढेच बोलून त्या पुन्हा पाखडू लागल्या.

आईने आत्ताच कपाट बंद केल्याचा आवाज आला. किल्ली अजूनही तिच्या कमरेलाच असते. वही मिटून मी आता स्वयंपाकघरात जातो आहे.