होमचा खांब आणि आमची उघाडी

गेला अख्खा रविवार एका लोखंडी खांबापायी गेला.

इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या दक्षिणेला होम नावाचं गाव आहे. (नाव ऐकून सासूबाईंनी विचारलं, "आणि हवन?") गावाबाहेर बर्चच्या रानात हा खांब उभा आहे. दिसायला काही नाही, आपल्याकडे असता तर एव्हाना कुणीतरी त्याला म्हैस बांधली असती. पण 1851 साली तो रोवला तेव्हा त्याचं वरचं टोक जमिनीच्या पातळीला होतं. परवा मी लेकीला खांद्यावर घेतलं, तिने हात ताणला, तरी टोक लांबच. चार मीटर. खांब तसूभरही वर सरकलेला नाही, जमीनच खाली गेली.

इथे व्हिटलसी मिअर होतं, इंग्लंडच्या सखल भागातलं सर्वांत मोठं तळं. त्याच सुमारास वाफेच्या पंपाने ते उपसून टाकलं. तळाच्या गाळात रॅम्झीच्या मठाचं चांदीचं धूपपात्र मिळालं, ते आता लंडनच्या संग्रहालयात आहे. विल्यम वेल्स या जमीनदाराला ठाऊक होतं की पाणी गेलं की जमीन बसणार. किती बसते ते कळावं म्हणून त्याने खांब खालच्या चिकणमातीपर्यंत नेला. इथली काळी माती म्हणजे हजारो वर्षं पाण्यात साचलेलं गवत-लव्हाळं. सुकली की आक्रसते, हवा लागली की कुजून नाहीशी होते, उरलेली वारा नेतो. जमीन खचली की आणखी पंप, आणखी उपसा, आणखी खचणं. आज ही जागा समुद्रसपाटीच्या 2.75 मीटर खाली आहे, साऱ्या ब्रिटनमध्ये सर्वांत खोल.

आपल्या चुकीची मोजपट्टी जपून ठेवायची, तिला तारांचे ताण द्यायचे, शेजारी माहितीफलक लावायचा! आधी हसू आलं, मग राग आला. आमच्या अलिबागकडच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीतल्या, उघाडीला कुणी फलक लावलाय? पंप नाही, वाफ नाही, नुसता मातीचा बांध आणि लाकडी झडप: ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. उधाणात बांधाला खांड पडली की घरटी एक माणूस चिखलात. तिकडच्याच चरी गावच्या शेतकऱ्यांनी तर 1933 पासून सहा वर्षं शेती बंद ठेवून खोतांना नमवलं. इथल्या लोकांनीही सतराव्या शतकात डच अभियंता व्हर्मायडेनचे बांध रात्री फोडले, कारण त्या दलदलीतच त्यांची ईल मासळी आणि लव्हाळं होतं. ते लोक मला आपले वाटले. व्हर्मायडेन मात्र खोतांच्या बाजूचा वाटला.

हे सगळं मी शेजारच्या म्हाताऱ्याला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "मग तुझ्या शेतात आता काय पिकतं?"

आमच्या शेतात कांदळवन आहे. खांड पडली तेव्हा मी इथे होतो, भाऊ मुंबईत. बुजवायला गावात माणसंच नव्हती. खारं पाणी दोन वर्षं आत राहिलं की भात विसरायचं. हे मी त्याला इंग्रजीत नीट सांगू शकलो नाही, असं म्हणू या.

रात्री अण्णांना फोन केला. समुद्राखालची शेती म्हटल्यावर ते उठून बसले. "उधाणाला काय करतात?" मी सांगितलं, इथलं पाणी कालव्यांनी सेंट जर्मन्सच्या पंपघराकडे जातं, तिथले पंप सेकंदाला 100 घनमीटर पाणी नदीत फेकू शकतात. वीज आहे, पाणी उपसण्यासाठी वेगळं बोर्ड आहे, त्यासाठी कर आहे.

"तरी कळ दाबायला माणूस लागतच असेल," अण्णा म्हणाले. मग नातीला फोन द्यायला सांगितलं.