पुस्तक मिटा आणि बघा काय आठवतंय ते

वाचनाचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात, वर्षाला किती पुस्तकं होतात आणि वाचायचा स्पीड कसा वाढवायचा. मला हे दोन्ही प्रश्न आवडत नाहीत. नव्याने वाचायला लागलेली कितीतरी माणसं या आकड्यांमागे धावून दमतात आणि मग "वाचन काही आपल्याला जमत नाही" म्हणून सोडून देतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्पीडचं आधी बघू. वाचताना आपला डोळा ओळीवरून सलग सरकत नसतो, तो उड्या मारतो. प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो आणि अक्षरं कळतात ती त्या थांब्यातच. शिवाय दहातली एखादी उडी तरी चक्क मागे असते, आणि हे चांगल्या सरावलेल्या वाचकांचंसुद्धा असंच असतं बरं का. एकेक शब्द स्क्रीनवर भराभर दाखवणारी जी अ‍ॅप्स असतात त्यात ही मागे जायची सोयच नसते आणि मागे जाता आलं नाही की समजण्यावर परिणाम होतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. कीथ रेनर या मानसशास्त्रज्ञाचं सगळं आयुष्य वाचताना डोळे काय करतात याच अभ्यासात गेलं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्पीड रीडिंगवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तो २०१६ मध्ये छापून आला. त्याचं सार असं की वेग एका मर्यादेपलीकडे ताणला की समज कमी होते, आणि दोन्ही हवं असेल तर भरपूर वाचून भाषेवरची पकड वाढवणं हाच रस्ता आहे. त्यामुळे एखादं वाक्य दोनदा वाचावं लागलं तर प्लीज वाईट वाटून घेऊ नका, वाचन म्हणजे तेच तर आहे.

मग करायचं काय? माझ्या मते एकच सवय लावा. प्रकरण संपलं की लगेच पुढचं पान उलटू नका, पुस्तक मिटा आणि आत्ता काय वाचलं ते स्वतःलाच दोन-तीन वाक्यांत सांगा, जमलं तर मोठ्याने. सुरुवातीला फार मोघम काहीतरी येतं, "माणसाच्या एकटेपणाबद्दल होतं, छान होतं." तिथे थांबायचं नाही. कोण एकटं, कशामुळे, आधीच्या प्रकरणात तर तो माणूस सगळ्यांच्या गराड्यात होता मग मध्ये नेमकं काय झालं, असं विचारत जायचं. जिथे अडाल तिथलं पान पुन्हा उघडा. बहुतेकदा तिथे एखादं "म्हणूनच" किंवा "तरीही" असतं ज्यावरून नजर नुसती फिरून गेलेली असते. लेखकाने दोन गोष्टी त्याच शब्दाने जोडलेल्या असतात आणि तोच दुवा आपल्या हातून निसटलेला असतो. तो सापडला की मागची चार पानं एकदम उलगडतात, आणि तो आनंद काय असतो ते ज्याने घेतलाय त्यालाच माहीत!

हे फक्त माझं मत नाहीये. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, मग काहींना तेच पुन्हा वाचायला सांगितलं आणि काहींना न बघता आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पिवळ्या हायलायटरने पानंच्या पानं रंगवण्यापेक्षा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने चार ओळी खरडा.

रोजच्या सवयीचं म्हणाल तर "२१ दिवसांत सवय लागते" हे विसरा. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात (खाणं, पिणं, व्यायाम अशा सवयींवरचा होता) लोकांना साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४, आणि मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. वेळ ठरलेली ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि पुस्तक आवडत नसेल तर बिनधास्त अर्ध्यात सोडा.

अजून एक, आणि याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला होता, मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा एक उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा तो उतारा जास्त चांगला समजू शकली. म्हणजे आपण चांगले वाचक असतो ते पुष्कळदा एखाद्या विषयापुरते. म्हणून दर वेळी नवा विषय धरण्याऐवजी एकाच विषयावरची तीन पुस्तकं ओळीने वाचून बघा, इतिहास घ्या, पक्षी घ्या, गणित घ्या, काहीही. पहिलं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. दुसऱ्यात नावं ओळखीची वाटायला लागतात, आणि तिसऱ्यात तुम्ही मध्येच थांबून म्हणता की अरे, हे तर पहिल्या पुस्तकात वेगळंच लिहिलं होतं, आणि ते पहिलं पुस्तक शोधायला उठता.