आज दिवसभर २०१८ चं आकाश

आज दिवसभर मी मार्च २०१८ मधलं आकाश पाहत होते. ते टिपणारी रेडिओ दुर्बीण ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून उत्तरेला सुमारे ८०० किलोमीटरवर, मर्चिसनच्या लाल मातीत आहे: मर्चिसन वाइडफील्ड ॲरे. ना नळी, ना थाळी. कोळ्यासारखे दिसणारे हजारो छोटे अँटेना जमिनीवर मांडलेत. ही वजारी यामाजी या मूळ रहिवाशांची भूमी. दुर्बिणीच्या नोंदी पर्थच्या पॉझी सुपरकंप्युटिंग सेंटरमध्ये साठवल्या जातात आणि माझं काम तिथून सुरू होतं.

ज्यासाठी ती निरीक्षणं घेतली, ते काम कधीच झालंय. मी तोच डेटा पुन्हा उघडते आणि थोडा वेळ चमकून विझलेलं काही त्यात राहून गेलंय का, ते शोधते. कायम दिसणारे स्रोत आधी वजा करायचे. उरलेल्या करड्या पटावर एखादा ठिपका उजळला की त्याची चौकशी. बऱ्याचदा ते विमान निघतं. एफएम स्टेशनच्या लहरी त्याच्यावर आपटून आमच्यापर्यंत येतात. नाहीतर उपग्रह. पण हे सरकतात. खरा स्रोत ताऱ्यांच्या संदर्भात जागचा हलत नाही. शिवाय ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना कमी वारंवारतेच्या लहरी मागे रेंगाळतात, आणि आमच्या वारंवारतांना तो उशीर काही सेकंदांचा असू शकतो. ही खूण दिसली की छातीत धडधडतं.

२०१८ च्याच नोंदींत पर्थमधल्या एका विद्यार्थ्याला असा स्रोत सापडला होता. दर १८ मिनिटांनी तो अर्धा ते एक मिनिट उजळायचा. खगोलशास्त्रज्ञ नताशा हर्ली-वॉकर यांच्या गटाने २०२२ मध्ये तो जाहीर केला, पण तोवर तो केव्हाच गप्प झाला होता.

मला खरी भुरळ घातली ती त्यानंतरच्या स्रोताने. जीपीएम जे१८३९-१०. दर २२ मिनिटांनी स्पंद, कधीकधी पाच मिनिटं टिकणारा. जुनी दप्तरं उघडली तेव्हा अमेरिकेच्या व्हेरी लार्ज ॲरे आणि आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतही तो निघाला. सगळ्यात जुनी नोंद १९८८ ची! पल्सार, म्हणजे फिरता फिरता ठरावीक लयीत रेडिओ स्पंद पाठवणारे न्यूट्रॉन तारे, शोधणारे फार तर काही सेकंदांच्या अंतराने पडणारे ठोके शोधत होते, प्रतिमा काढणारे लांबलचक निरीक्षणाची सरासरी घेत होते, आणि सरासरीत असा स्पंद विरघळून जातो. मिनिटांच्या अंतराने येणारं काही असेल, असं कुणाच्या मनातच नव्हतं.

त्या नोंदी जपल्या होत्या म्हणूनच तीन दशकांत त्याची लय जवळजवळ बदललेली नाही, हे कळलं. इतक्या संथ फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याने रेडिओ लहरी पाठवूच नयेत, असं प्रचलित सिद्धान्त सांगतात. म्हणून मला मनापासून वाटतं, नवी दुर्बीण उभारण्याइतकाच जीव जुना डेटा सांभाळण्यातही लावावा.

संध्याकाळी एक ठिपका सापडला. तो सरकत नाही, उशीरही जुळतोय. आकाशाच्या त्या तुकड्याची २०१३ पासूनची सगळी निरीक्षणं मागवून ठेवलीत. उद्या सकाळी उतरलेली असतील.