बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: बिबट्याच्या तालुक्यातून बिबट्याच्या शहरात

जुन्नर तालुक्यातल्या शाळेत बिबट्या म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही. पोरं उसाच्या बांधावरून शाळेत येतात आणि रात्री कुणाच्या गोठ्यात काय झालं ते हजेरीच्या आधीच सांगून मोकळी होतात. सांगावं लागतं ते पुढचं. दिसला तर काय करायचं? ‘पिंजरा लावा’ म्हणून गाव रस्त्यावर उतरतं, तेव्हा त्या पिंजऱ्यातून पुढे काय निष्पन्न होतं? याची उत्तरं पाठ्यपुस्तकात नाहीत. हाच प्रश्न भोगून त्यावर लोकशिक्षणाचं काम उभं केलेली एक जागा महाराष्ट्रात आहे, ती म्हणजे बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. दिवाळीच्या सुट्टीत ते काम समजून घ्यायला मुद्दाम तिथे गेलो.

आमच्याकडून जाणाऱ्यांनी माळशेजमार्गे कल्याणची एसटी धरावी. कल्याणहून लोकलनं दादर आणि तिथे पश्चिम रेल्वेवर बदलून बोरिवली. आळेफाटा, ओतूर, माळशेज हा सगळा कल्याण–नगर रस्ता. याच रस्त्यावर पूर्वेला पारनेर तालुक्यातलं टाकळी ढोकेश्वर आहे. २००९ साली तिथल्या विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) घालून माळशेज भागात सोडलं. त्याला नाव दिलं ‘आजोबा’. कसाऱ्याजवळचे रूळ आणि मुंबई–आग्रा महामार्ग ओलांडत, शंभराहून अधिक किलोमीटर चालून तो या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्यानं कुणा माणसाला इजा केली नाही. २०११च्या डिसेंबरात मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला. एसटीच्या खिडकीतून घाट बघताना मुलांना ही हकिकत सांगता येते. नकाशा सोबत ठेवा, बोटानं वाट दाखवता येईल.

उद्यान सोमवारी बंद असतं. बोरिवली पूर्वेला स्टेशनवरून चालत गेलात तरी फार वेळ लागत नाही, आणि मेट्रोचं ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचं स्थानकही जवळच आहे. शक्यतो मधल्या वारी जा. रविवारी सहलींच्या गर्दीत पक्ष्यांचा आवाज ऐकू येत नाही आणि वनकर्मचाऱ्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड नसते. सिंह आणि वाघांची सफारी पोरांना आवडेल, पण ती कुंपणातली आहे. इथला रानातला राजा बिबट्याच, आणि तो दिसेल अशी आशा धरून जाऊ नये.

उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि आजूबाजूला माणसांची दाटी: बोरिवली, कांदिवली, मुलुंड, भांडुप, ठाणे. आत तुळशी आणि विहार हे दोन तलाव, जे आजही मुंबईला पाणी देतात. विहारचं काम १८६०मध्ये आणि तुळशीचं १८७९मध्ये पुरं झालं. तलावांच्या पाणलोटाला हात लावायचा नाही, या धोरणामुळेही हे रान टिकलं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. जंगल वाचवा म्हटलं की लोक ऐकून घेतात. तुमच्या नळाचं पाणी इथून येतं म्हटलं की सावरून बसतात.

मी जिच्यासाठी गेलो होतो ती गोष्ट २००२ ते २००४ची. त्या काळात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्याचे हल्ले वाढत गेले आणि २००४च्या जूनमध्ये तर एकामागून एक माणसं मेली. बाहेरून पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडले जात होते. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं आणि स्वतःच्या इलाख्याकडे परतू बघतं. आणि जिथून ते उचललं, ती मोकळी जागा दुसरा बिबट्या येऊन घेतो. आमच्या जुन्नर वनविभागातही नेमकं हेच झालं. तिथल्या अभ्यासात असं आढळलं की पकडून जवळच्या जंगलांत सोडण्याचं काम जोरात सुरू झालं, तसे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले. गावानं ज्या उपायासाठी मोर्चे काढले, त्यानंच गावाचं नुकसान वाढवलं. हे वाचलेलं होतं. पण उद्यानाच्या हद्दीच्या भिंतीपाशी उभं राहून, पलीकडच्या इमारतींच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे बघताना त्याचा अर्थ जास्त लागला.

२०११ साली ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, संशोधक आणि स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये जाऊन बैठका घेतल्या, पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या आणि पोलिसांनाही सोबत घेतलं, कारण बिबट्या दिसला की लोक आधी पोलिसांनाच फोन लावतात आणि गर्दी आवरणं त्यांच्याच हातात असतं. पत्रकारांचं काम मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. ‘नरभक्षक घुसला’ आणि ‘बिबट्या दिसला’ या दोन मथळ्यांमुळे दुसऱ्या दिवशी वस्तीत दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

पुढे हल्ले कमी झाले. या काळात बिबटेच कमी झाले म्हणून शांतता आली, असं कुणी म्हणेल. २०१५च्या कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) गणनेत ३५ बिबटे वेगळे ओळखता आले, २०१८मध्ये ४७. म्हणजे आत बिबटे भरपूरच होते, बदललं होतं बाहेरच्या माणसांचं वागणं. २०१५च्याच अभ्यासात बिबट्याच्या खाण्यातला सुमारे चौथाई वाटा कुत्र्यांचा निघाला. कचरा साठतो, त्यावर कुत्री पोसतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्यामुळे इथलं पर्यावरण शिक्षण कचराकुंडीपासून सुरू होतं. अर्थात प्रश्न मिटलेला नाही. शेजारच्या आरे दुग्धवसाहतीत २०२१ आणि २०२२मध्येही हल्ले झाले. जिथे रात्री उजेड नाही, शौचालय लांब आहे आणि वाट झुडपांतून जाते, तिथे नुसत्या माहितीपत्रकानं काही होत नाही.

निसर्ग माहिती केंद्रासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवा. निसर्गवाटांचे कार्यक्रम, मार्गदर्शक, शिलोंडा वाटेची परवानगी याची चौकशी तिथेच करायची. ती वाट आपल्या मनानं धरू नका, मार्गदर्शकासोबतच जायचं. शाळेचा गट नेणार असाल तर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र आधी पाठवा. पत्रात मुलांची इयत्ता आणि काय शिकायचंय ते स्पष्ट लिहा. ‘शैक्षणिक सहल’ एवढंच लिहिलं तर ठरलेली फेरी मिळते, विषय लिहिला तर त्या विषयातला माणूस मिळण्याची शक्यता वाढते. मी बिबट्या लिहिलं होतं, त्यामुळे एका वनकर्मचाऱ्यानं ठसे, विष्ठा आणि झाडावरचे ओरखडे कसे वाचायचे ते चालता चालता दाखवलं. गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) संवर्धन शिक्षण केंद्र आहे. शिक्षकांनी ते वेगळ्या दिवशी करावं. दोन्ही एका दिवसात कोंबली तर मुलं दमतात आणि डोक्यात काही उरत नाही.

उद्यानातली कान्हेरीची बौद्ध लेणी मुख्य फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. बस मिळते, सायकल भाड्यानं मिळते. तिकीट वेगळं काढावं लागतं, कारण लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. शंभरावर लेणी आणि जवळजवळ प्रत्येकीला लागून दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं. डोंगरावर पडलेलं पाणी पन्हळी खोदून टाक्यात कसं उतरवलंय, हे मुलांकडून शोधून घ्या, सांगू नका. लेण्याद्री पाहिलेल्या आमच्या मुलांना हे लगेच ओळखीचं वाटेल. नाणेघाटातून जुन्नर आणि खाली कल्याण–सोपाऱ्याकडे जाणारा व्यापार याच पट्ट्यातला. इथली माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा खाण्याचं दाखवू नका आणि त्यांना घालूही नका. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी शाळेची जारची सोय बघा.

कारवी या रानझुडपाचा फुलोरा बघायला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. इथली कारवी आठ वर्षांनी फुलते. २०१६ला फुलली, २०२४ला फुलली, आता २०३२. पावसाळ्यानंतरचे दोन महिने रान भरलेलं असतं, फुलपाखरं भरपूर. उन्हाळ्यात पानगळ झाल्यामुळे पक्षी चांगले दिसतात, पण मुलांना घेऊन मे महिन्यात जाऊ नये.

उद्यानात आणि आरेमध्ये वारल्यांचे पाडे आहेत. वाघोबाचं ठाणं पुजणारी ही माणसं बिबट्यासोबत मुंबई वसण्याच्या आधीपासून राहताहेत. पाड्यात जायचं तर ओळखीच्या माणसाबरोबर, विचारून, आणि फोटो न काढता. मी एका आजींजवळ बसलो होतो. अंधार पडल्यावर पोरांना एकटं सोडत नाही, बाहेर पडताना आवाज करत जातो, आणि तो दिसला तर त्याची वाट सोडतो, असं त्यांनी सांगितलं. अशाच सूचना मी माहितीफलकावरही वाचल्या होत्या. या घरांना पाणी आणि वीज मिळावी म्हणून झगडावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. ज्यांनी सहजीवन जगून दाखवलं, त्यांच्या वाट्याला निदान दिवा तरी यायला हवा.

सगळं मुंबईचं जसंच्या तसं आमच्याकडे लागू पडणार नाही. इथे जंगलाला हद्द आहे; आमचा बिबट्या उसाच्या फडातच जन्मतो. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, तेव्हा ती उचलून न नेता वनखात्याला कळवून त्याच जागी आईची भेट घडवणं, हा धडा ऊसतोड कामगारांपर्यंत न्यायला हवा. मुंबईच्या माणसाला संध्याकाळी घरी बसता येतं. आमच्या शेतकऱ्याला पंपाची वीज रात्री मिळते, मग तो पाणी धरायला रात्रीच फडात जातो. बिबट्याप्रवण गावांत दिवसा वीज हवी, ही मागणी शाळेच्या पालकसभेतही व्हायला हवी.

आता वर्गात सुरुवात गावाच्या नकाशापासून करणार आहे: कचरा कुठे पडतो, कुत्री कुठे जमतात, शाळेची वाट कुठे उसाला चिकटून जाते, दिवा कुठे नाही. नकाशा मुलांनीच काढायचा आणि ग्रामसभेत मांडायचा. त्यानंतर माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राला भेट. तुमच्या शाळेला हे करून बघायचं असेल तर ऊसतोड सुरू होण्याआधी करा, कारण फड तुटायला लागले की बिबट्यांची हालचाल वाढते आणि मग शांतपणे ऐकायला कुणी तयार नसतं.