पॅनेलच्या दारावरचा फ्लोचार्ट आणि तो काढायचं सॉफ्टवेअर

माझं काम मशीनची माहितीपुस्तकं लिहिण्याचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लागणारी छोटी-मोठी यंत्रं बनवणारे बरेच कारखानदार आहेत. मशीन गिऱ्हाइकाकडे जातं तेव्हा सोबत एक पुस्तक जातं, आणि त्यात आकृत्या असतात: पॅनेलची (मशीनच्या विजेच्या पेटीची) वायरिंग, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारं) सर्किट आणि 'बिघाड झाला तर काय बघायचं' याचा फ्लोचार्ट, म्हणजे चौकोन आणि बाणांची आकृती. यातलं सगळ्यांत जास्त वापरलं जातं ते शेवटचं पान. ते ए-थ्री कागदावर छापून, लॅमिनेट करून पॅनेलच्या दारावर आतून चिकटवतात. रात्रपाळीला मोटर ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की ऑपरेटर पुस्तक उघडत नाही, दार उघडतो.

त्यामुळे आकृती काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं नव्याने या कामात येणारी मुलं विचारतात तेव्हा मी आधी उलट विचारते: ही आकृती तीन वर्षांनी कोण दुरुस्त करणार आहे? मशीनमध्ये बदल होतात. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) दुसऱ्या कंपनीचा येतो, एखादा लिमिट स्विच (भाग टेकला की दबणारा) काढून प्रॉक्सिमिटी सेन्सर (न टेकता ओळखणारा) बसवतात. तेव्हा मी तिथे नसते. कारखान्यातल्या स्टोअरच्या संगणकावर बसलेल्या माणसाला, पैसे न भरता आणि मला फोन न करता, ती फाइल उघडून एक चौकोन बदलता आला पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका कारखान्याच्या सगळ्या आकृत्या सशुल्क ऑनलाइन सेवेत होत्या. वर्गणी थांबली आणि त्या फक्त बघण्यापुरत्या उरल्या. शेवटी प्रिंट समोर ठेवून सगळं पुन्हा काढावं लागलं. मोफत सॉफ्टवेअरचा मी आग्रह धरते तो यासाठी. पैसे वाचतात हा त्यातला लहान भाग.

फ्लोचार्टसाठी माझी पहिली पसंती ड्रॉ.आयओ. मध्ये काही काळ ते डायग्राम्स.नेट या नावाने ओळखलं जात होतं. ब्राउझरमध्ये चालतं, पण मी डेस्कटॉपवर उतरवून घेतलेलंच वापरते. इंटरनेट नसलेल्या शेडमध्येही ते चालतं आणि खातं काढायला सांगत नाही. चौकोन हलवला की बाण त्याच्यासोबत येतो, ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण वर्ड प्रोसेसरमध्ये सुट्या रेघा जोडून फ्लोचार्ट काढलेल्या माणसाला तिची किंमत कळते. याची फाइल म्हणजे आतून एक्सएमएल, म्हणजे खुणा घातलेला साधा मजकूर. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्प्रेस्ड'ची खूण काढून टाकली की ती साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते. आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते: पीएनजी चित्र काढताना 'आकृतीची प्रत आत ठेवा' हा पर्याय निवडला, तर तेच चित्र नंतर ड्रॉ.आयओमध्ये उघडून पुन्हा बदलता येतं. मूळ फाइल हरवली तरी चित्र हाताशी असेल तर काम निभावतं. फक्त ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते नव्याने दाबलं जातं आणि आतली प्रत निघून जाते.

मराठीत काम करणाऱ्यांना मात्र एक अडचण हमखास येते. ड्रॉ.आयओच्या पडद्यावर जोडाक्षरं उत्तम दिसतात, पीडीएफही बरोबर निघते. पण एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी न फाटणारं रेघांचं चित्र) काढून इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये किंवा लिबरऑफिसमध्ये नेलं की चौकोन रिकामे, किंवा 'हा मजकूर एसव्हीजी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. दोष देवनागरीचा नाही. ड्रॉ.आयओ मजकूर एचटीएमएल म्हणून ठेवतं आणि ते एचटीएमएल ब्राउझरबाहेरच्या बहुतेक प्रोग्रॅमना दाखवता येत नाही. उपाय सोपा आहे. सगळे आकार निवडायचे, उजवीकडच्या टेक्स्टच्या टॅबमध्ये 'वर्ड रॅप' आणि 'फॉरमॅटेड टेक्स्ट' या दोन्ही खुणा काढायच्या, ओळी हाताने तोडायच्या आणि मग एसव्हीजी काढायचं. फॉन्ट मी 'मुक्त' (Mukta) या नावाचा वापरते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला हा फॉन्ट खुल्या परवान्याचा आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला फाइलसोबत देता येतो, आणि लॅमिनेशनच्या चकाकीतही त्यातलं 'ष्ट' आणि 'द्ध' वाचता येतं.

लिबरऑफिस ड्रॉ हा दुसरा पर्याय. बऱ्याच लहान कारखान्यांत बिलांसाठी लिबरऑफिस आधीच असतं, म्हणजे नवं काही बसवायला नको. गिऱ्हाइकाकडून आलेल्या व्हिजिओच्या (मायक्रोसॉफ्टच्या आकृत्यांच्या सॉफ्टवेअरच्या) फाइली त्यात उघडतात. बाण क्वचित सुटतात, ते पुन्हा जोडून घ्यावे लागतात. मराठीसाठी ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करणं विसरू नका. देवनागरी आणि रोमन अक्षरांचा फॉन्ट व आकार तिथे वेगवेगळा ठरतो. ते लक्षात आलं नाही तर मराठी वाक्यातला मोटरचा रोमन अक्षरांतला टॅग नंबर (ओळखक्रमांक) एका मापाचा आणि बाकीचं वाक्य दुसऱ्याच मापाचं छापून येतं.

डिया हे जुनं सॉफ्टवेअर अजून मनात आहे. जुन्या संगणकावर झटकन उघडतं, हायड्रॉलिकची चिन्हं त्यात आयती मिळतात. पण त्याची 0.97 ही आवृत्ती 2009 सालची आणि त्यानंतरची प्रगती अगदी संथ, म्हणून नवीन माणसाला मी ते सुचवत नाही. वायएडमध्ये गुंतागुंतीची आकृती एका क्लिकवर नीट मांडून मिळते. ते मोफत असलं तरी त्याचा कोड खुला नाही. ग्राफव्हिझचा प्रकार आणखी वेगळा. एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या या साधनात आपण फक्त कुठून कुठे बाण जातो ते मजकुरात लिहायचं, मांडणी ते करतं. कोणता इंटरलॉक (एक अट पुरी झाल्याशिवाय पुढचं चालू न होऊ देणारी सोय) कशावर अवलंबून आहे हे मी स्वतः समजून घेताना तेच वापरते. दारावरच्या पानासाठी नाही. एक प्रश्न वाढवला की सगळी मांडणी बदलते, आणि 'डावीकडे खाली ओव्हरलोडचा चौकोन' असं डोळ्यांत बसलेला ऑपरेटर गोंधळतो.

वायरिंगसाठी मात्र यातलं काहीच नको. ड्रॉ.आयओमध्ये रिले आणि कॉन्टॅक्टची चिन्हं आहेत, पण त्याच्या लेखी ती नुसती चित्रं. त्यासाठी क्यूइलेक्ट्रोटेक हे वायरिंगच्या आकृत्यांचं मोफत सॉफ्टवेअर. त्यात कॉन्टॅक्टरची कॉइल एका पानावर आणि तिचे कॉन्टॅक्ट दुसऱ्या पानावर असले तरी ती एकमेकांशी जोडता येतात, आणि कुठला कॉन्टॅक्ट कोणत्या पानावर आहे ते आपोआप छापून येतं. स्टार-डेल्टा स्टार्टरचा (मोठी मोटर सावकाश चालू करणाऱ्या जोडणीचा) फॉल्ट शोधणाऱ्या फिटरला नेमकं तेच हवं असतं. त्याची फाइलही एक्सएमएलच आहे. शिकायला वेळ लागतो, तो द्यावा.

आता फ्लोचार्टच्या आकारांबद्दल, कारण सॉफ्टवेअर कुठलंही घेतलं तरी खरी अडचण इथे येते. आयएसओ 5807 या 1985 च्या मानकाप्रमाणे निर्णयासाठी पतंगाच्या आकाराचा चौकोन. त्याच्या आत जास्तीत जास्त जो आडवा आयत बसतो त्याचं क्षेत्रफळ पतंगाच्या बरोबर निम्मं. म्हणजे 'सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा लाल दिवा लागला आहे का?' हा प्रश्न त्यात बसवायचा तर पतंग अर्धं पान खातो. सोव्हिएत संघात बुरान या अंतराळयानाच्या प्रकल्पासाठी ड्राकॉन नावाची आकृत्यांची पद्धत तयार झाली. तिच्यात प्रश्नासाठी दोन्ही टोकांना निमुळता, चपटा षट्कोन असतो. त्यात मजकूर ऐसपैस मावतो. तिचे बाकीचे नियमही मी ड्रॉ.आयओमध्ये पाळते: रेघांनी एकमेकींना छेदायचं नाही, सगळं ठीक असेल ती वाट सरळ खाली, आणि जितकं उजवीकडे जाल तितकी परिस्थिती बिघडलेली. मानकात षट्कोनाचा अर्थ वेगळा आहे हे खरं. पण दारावरचा कागद वाचणाऱ्यासाठी मी हा बदल मुद्दाम करते आणि कोपऱ्यात चिन्हांचा खुलासा देते.

अशा पद्धतीचं पहिलं पान एका फाउंड्रीत लावलं तेव्हा तिथले ज्येष्ठ फिटर बराच वेळ ते वाचत उभे होते. मग म्हणाले, "ताई, सगळं बरोबर हाय. पण आधी मेन बंद करायचं कुठं लिवलंय?" ते वरच्या पट्टीत लिहिलेलं होतं, पण त्यांचा मुद्दा रास्त होता: पट्टी कोण वाचतो? तेव्हापासून माझ्या साच्यात पॅनेलला हात लावायला सांगणाऱ्या प्रत्येक चौकोनाच्या अगोदर 'मेन बंद करून कुलूप लावा' हा जाड कडेचा चौकोन असतो. ड्रॉ.आयओच्या स्वतःच्या आकारसंग्रहात तो साठवून ठेवलाय, ओढला की येतो.

काम संपलं की कारखान्याला मी एक फोल्डर देते: मूळ ड्रॉ.आयओ फाइल, प्रत आत असलेली पीएनजी, छपाईची पीडीएफ, मुक्तची फॉन्ट फाइल, क्यूइलेक्ट्रोटेकची वायरिंग, आणि दोन्ही सॉफ्टवेअरचे त्या दिवशीचे इन्स्टॉलर. माझा तो आकारसंग्रहही त्यात असतो. मग स्टोअरमधल्या माणसाला शेजारी बसवून एक चौकोन त्याच्याच हाताने बदलायला लावते, सेव्ह करायला लावते, प्रिंट काढायला लावते. ते झाल्यावरच बिल देते.