उंदीर-घुशींत साळिंदर मोडतं का?

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात प्रवास विम्याचे क्लेम येतात. बहुतेक हरवलेल्या बॅगांचे, उरलेले परदेशात बिघडलेल्या पोटांचे. शिक्के जुळवायचे, घसारा कापायचा, पुढची फाइल घ्यायची. मार्चअखेरीस घोडबंदर रोडच्या एका मुलाची फाइल आली. नुकसानीचं कारण: साळिंदराने खाल्लं.

सिस्टीममध्ये कारणं ठरलेली आहेत: चोरी, आग, पाणी, इतर. 'इतर' निवडलं की 'तिसऱ्या पक्षाचं नाव व पत्ता' भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. हे ज्याने बनवलं त्याला एक दिवस माझ्या खुर्चीत बसवायला हवं. मी भरलं: साळिंदर, रॉजर्स पास, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा.

मुलगा तिथे बॅककंट्री स्कीइंगला गेला होता. म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि आखलेल्या उतारावरून घसरत यायचं, तसलं नव्हे. जंगलातून डोंगर स्वतः चढायचा. त्यासाठी स्कीच्या तळाला 'स्किन' चिकटवतात. यादीत 'स्किन्स, एक जोडी' वाचून शेजारच्या टेबलवरच्या ताईंनी लगेच शेरा मारला: 'कोणत्या प्राण्याची कातडी? कस्टमचे कागद जोडा.' पूर्वी ती सीलची असायची खरी, आता नायलॉन किंवा मोहेरची असते. मुलगा सगळा ऐवज घेऊनच आला होता. मी हात फिरवून पाहिला. एका बाजूने मांजरीच्या पाठीसारखं मऊ, उलट फिरवलं की बोटं अडतात. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही, ती एवढ्यावर. खरी शिकार झाली होती स्कीइंगच्या काठ्यांची. बुचाच्या मुठींवर दोन-दोन चरे, जणू छोट्या खवणीने खवल्यात. घामाचं मीठ मुरलेलं असतं ना. तिकडे साळिंदरं गाड्यांचे रबरी पाइपही खातात, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी लोक गाडीभोवती कोंबड्यांची जाळी गुंडाळून ठेवतात.

कागद चोख होते. रॉजर्स पासच्या त्या खिंडीत हायवेवर हिमकडे कोसळू नयेत म्हणून कॅनडाचं सैन्य 105 मिलिमीटरच्या तोफा डागून बर्फ आधीच पाडतं. त्यामुळे कोणता उतार आज खुला आहे ते रोज सकाळी बघावं लागतं, परवाना लागतो. परवाना होता, गाइडची पावतीही होती. तोफा चुकवून आलेला माणूस रात्री झोपडीच्या पडवीत लुटला गेला.

साहेबांनी फाइल अडवली. पॉलिसीत 'कसर, वाळवी, उंदीर-घुशी व तत्सम उपद्रवी प्राणी' यांनी केलेलं नुकसान वगळलंय. साहेब म्हणाले, "कुरतडतं ना? मग उंदीरच." प्राणिशास्त्र दुर्दैवाने त्यांच्या बाजूने आहे, साळिंदर कुरतडणाऱ्यांच्याच गणातलं. मी इरेला पेटून दोन पानी टिपण लिहिलं. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घुशी. साळिंदर नाही. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीही गेली. साहेबांनी चष्मा काढला. "हा कायदा कॅनडात चालतो?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी जाताना टीएमटीच्या बसमध्ये सुचलं: मग आपली उंदराची व्याख्या तरी तिकडे कशी चालते?

"बिबट्याने खाल्लं असतं तर लगेच पास केलं असतं," असंही साहेब म्हणाले. बिबट्याला ठाण्यात मान आहे. 2019 मध्ये तो मॉलच्या पार्किंगमध्ये शिरला होता, तेव्हापासून तर फारच. मानाच्या प्राण्याने खाल्लं तर भरपाई, बिचाऱ्या साळिंदराने खाल्लं तर उपद्रव!

पुरावा म्हणून मुलाने काटाही जोडला होता. आमच्या आजीकडे असायचा तो वीतभर, काळा-पांढरा. हा दात कोरायच्या काडीएवढा, पिवळट, टोक काळं, आणि टोकाशी बोट उलटं नेलं की बारीक आकडे लागतात. साळिंदराचा काटा घरात ठेवला की भांडणं होतात, असं आजी म्हणायची. तो फाइलला टाचल्यापासून ताई माझ्याशी बोलत नाहीत, साहेब ताईंशी बोलत नाहीत आणि एसीच्या तापमानावरून दोनदा आवाज चढलेत.

फाइल अजून साहेबांकडेच आहे. काटा मी काल काढून घेतला आणि स्टेपलरच्या डब्यात टाकला. डबा अकाउंट्सवाल्यांचा आहे.